'फक्त बंपर बदललाय'

या खेपेला आलेली बहुतेक पत्रं जुन्या गाडीबद्दलची आहेत, आणि त्यातली बरीचशी ठोकलेल्या गाडीबद्दलची. विमा कंपन्यांसाठी सर्व्हेअर म्हणून सोलापूर जिल्ह्यात काम करताना माझी उमेदीची वर्षं अशाच गाड्या बघण्यात गेली. गाडी उघडल्यावर आत काय निघतं तेही पाहिलंय आणि रंग मारून झाल्यावर बाहेरून काय दिसतं तेही. म्हणून पहिल्या पत्राला जरा सविस्तर उत्तर देतो.

प्रश्न : आम्ही जुळे सोलापुरात राहतो. मिस्टर एमआयडीसीत नोकरीला आहेत, मी शाळेत. पहिलीच गाडी घेतोय. २०२० ची पेट्रोल स्विफ्ट बघितली. एमएच-१३ पासिंग, एकाच मालकाची. मालक ४ लाख ४० हजार म्हणतात, तशाच दुसऱ्या गाड्यांचे सव्वापाच सांगतायत. "मागच्या वर्षी जरा लागली होती, फक्त बंपर बदललाय," असं मालक म्हणाले. पण डावा हेडलाइट उजव्यापेक्षा फारच स्वच्छ दिसला आणि बॉनेटच्या बिजागरीच्या बोल्टांवरचा रंग उडालेला दिसला. दीर म्हणतात, ठोकलेल्या गाडीला हात लावू नका. माझा भाऊ म्हणतो, पंच्याऐंशी हजार वाचतायत, घेऊन टाक. काय करावं? — एक शिक्षिका, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, तुम्ही नेमकं बघायचं तेच बघितलंत. बंपर बदलायला बॉनेटच्या बिजागरीला पाना लावावा लागत नाही. बोल्टांचा रंग उडालाय, म्हणजे बॉनेट उतरवलं गेलंय किंवा सरकवून बसवलंय. हेडलाइट नवा आहे, म्हणजे मार बंपरच्या मागे डाव्या कोपऱ्यात पोचलाय. मालकांनी सांगितलं त्यापेक्षा जास्त काम झालंय, इतकं नक्की. किती जास्त, ते अजून बघायचंय, आणि घ्यायची की नाही ते त्यावरच ठरेल.

दिरांचं म्हणणं मला पूर्ण पटत नाही. पाच-सहा वर्षं गावात फिरलेली गाडी कुठेच लागली नाही, असं सहसा होत नाही. रिक्षा घासते, पार्किंगमध्ये कुणी दार आपटतं. बंपर, फेंडर, बॉनेट, दारं ही गाडीची कातडी. ती बोल्टवर बसते, उतरते, नवी मिळते. नीट बसवून नीट रंगवली असेल तर गाडीचं काही बिघडत नाही. हाडं आत असतात. आजकालच्या छोट्या गाडीला ट्रकसारखी वेगळी चॅसी नसते. पत्र्याचे दाबून काढलेले भाग एकमेकांना वेल्ड करून सगळी बॉडीच सांगाडा बनवलेली असते. इंजिनच्या दोन्ही बाजूंना पुढे आलेले पेटीसारखे दोन दांडे, त्यांना जोडून असलेले एप्रन (चाकावरचा आतला पत्रा), काचेच्या आणि दारांच्या कडेचे पिलर, खालचा रनिंग बोर्ड, डिकीची फ्लोअर, हा तो सांगाडा.

ते पुढचे दोन दांडे मुद्दाम ठराविक पद्धतीने चुरगळतील असेच बनवलेले असतात. धडकेचा जोर त्यांनी खायचा, म्हणजे तो आतल्या माणसापर्यंत कमी पोचतो. एअरबॅग कधी उघडायची याचा हिशेबही त्यांच्या चुरगळण्याशी बांधलेला असतो. एकदा चुरगळलेला दांडा ओढून, ठोकून सरळ करता येतो. वरून रंग मारला की ओळखूही येत नाही. पण पुढच्या धडकेला तो पत्रा कंपनीने ठरवल्यासारखा दुमडत नाही. अशी गाडी रोज व्यवस्थित चालेल, ॲव्हरेज देईल, एसीही गार करेल. ज्या दिवशी गरज पडेल त्या दिवशी मात्र ती तुम्हाला वाचवणार नाही. मला ठोकलेल्या गाडीची भीती वाटते ती एवढ्याचसाठी.

आपल्या जिल्ह्यापुरतं एक वेगळं सांगतो. हा साखर कारखान्यांचा जिल्हा. गाळपाच्या हंगामात रात्री रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर असतात, मागे धड दिवा नसतो, रिफ्लेक्टर चिखलाने झाकलेला असतो. त्यात मागून घुसलेल्या गाड्या मी फार पाहिल्या. ट्रॉलीचा सांगाडा कारच्या बंपरपेक्षा उंच असतो. त्यामुळे बंपर आणि त्यामागचे दांडे कधी कधी जवळजवळ शाबूत राहतात, आणि बॉनेट, पुढची काच, काचेच्या कडेचे पिलर नि छत यांची दशा होते. ज्या भागांनी जोर खायचा ते खालीच राहून जातात. तेव्हा 'बंपर ओरिजिनल आहे' हे ऐकूनही निर्धास्त होऊ नका. नजर वरच्या भागावरही फिरवा.

आता तपासणी. गाडी सकाळच्या किंवा उतरत्या उन्हात बघा, आणि कोरडी बघा. नुकत्या धुतलेल्या गाडीवर पाणी असतं, पाण्याखाली रंगातला फरक लपतो. मागच्या दिव्यापाशी खाली वाकून गाडीच्या अंगावरून पुढे नजर टाका. लांबी (खड्डा बुजवायची पुट्टी) भरून घासलेल्या जागी उन्हाची रेघ थरथरल्यासारखी दिसते. पातळ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावर फिरवा. जाड लांबीवर ते नीट धरत नाही. रंगाची जाडी मोजायचं यंत्र असलेला माणूस मिळाला तर उत्तमच. कंपनीचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉनचा असतो. दोनशेच्या पुढे गेला तर पुन्हा रंगवलंय, आणि पाचशे-हजार दिसले तर खाली लांबी आहे. मात्र नुसता पुन्हा मारलेला रंग हा दोष समजू नका. ओरखड्यासाठीही लोक रंग मारतात.

बॉनेट उघडा आणि डावं-उजवं ताडून बघा. माझ्या कामात याहून उपयोगी काही नव्हतं, कारण दोन्ही बाजू एकाच अपघातात सारख्याच बिघडल्या असं क्वचित होतं. तुमच्या गाडीत मार डावीकडे आहे, म्हणजे उजवी बाजू हाच तुमचा नमुना. रेडिएटरला धरणारा आडवा पत्रा (आमच्याकडचे डेंटर त्याला शो म्हणतात) दोन्हीकडे सारखा बसलाय का? कंपनीच्या वेल्डिंगचे गोल ठिपके एकसारख्या अंतरावर असतात. हाताने केलेल्या वेल्डिंगला गाठी येतात, त्यावर ग्राइंडरच्या रेघा दिसतात. सांध्यातलं सीलंट कंपनीत सलग, सुबक ओढलेलं असतं. गॅरेजमध्ये बोटाने भरलेलं ओळखू येतं. एप्रनवर सुरकुती दिसली किंवा तेवढ्याच जागेचा रंग आतून जास्त चकचकीत दिसला, तर तिथे हात लागलाय. मग दारांची रबरं ओढून पिलरचा सांधा बघा. रबर परत दाबून बसवता येतं, मालकाची हरकत नसावी. हरकत घेतली तर तेही लक्षात ठेवा.

यानंतर एअरबॅग, आणि याबाबतीत मी कुणालाही सूट देत नाही. किल्ली फिरवली की डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागतो आणि थोड्या सेकंदांत विझतो. विझलाच नाही तर बिघाड आहे. मुळात लागलाच नाही, तर दिवा मुद्दाम बंद केलेला असू शकतो. दिवा बरोबर लागून विझला तरी खात्री नाही. उघडलेली एअरबॅग काढून टाकून वायरिंगमध्ये रेझिस्टन्स बसवला, की गाडीला सगळं ठीक वाटतं आणि दिवा मुकाट विझतो. नव्या एअरबॅगा, त्यांचा कंट्रोल युनिट, पुढचे सीटबेल्ट, फाटलेला डॅशबोर्ड हे सगळं नवं घालायचं तर छोट्या जुन्या गाडीला परवडत नाही, म्हणून हे प्रकार होतात. तेव्हा अधिकृत सर्व्हिस सेंटरला स्कॅनर लावून एअरबॅगचे कोड वाचून घ्या. पुढचे दोन्ही बेल्ट पूर्ण बाहेर ओढा. खाली शिवलेल्या पट्टीवर बनवल्याची तारीख असते, ती गाडीच्या वर्षाशी जुळते का बघा. मोठ्या धडकेत बेल्ट आतून खेचला जाऊन कायमचा अडकतो, म्हणजे तो बदलावाच लागतो. बेल्ट नवा आणि स्टिअरिंगचं कव्हरही वेगळ्या छटेचं असेल, तर एअरबॅग उघडली होती असं धरून चला आणि बदलल्याची बिलं मागा. बिलं नसतील तर व्यवहार थांबवा.

कागदांमध्ये मालकाची चालू पॉलिसी मागून घ्या. त्यात नो क्लेम बोनसचा टक्का असतो. एकही क्लेम न घेता तो २०, २५, ३५, ४५ असा चढत पाच वर्षांनी ५० वर जातो. मागच्या वर्षी ठोकलेली २०२० ची गाडी आणि बोनस शून्य, म्हणजे विम्यातून दुरुस्ती झालीय. मग त्या क्लेमचं बिल मागा. कुठले पार्ट बदलले ते त्यात ओळीने लिहिलेलं असतं. बोनस शून्य असायला दुसरी कारणंही आहेत: पॉलिसी ९० दिवसांपेक्षा जास्त बंद पडली असेल तरी तो जातो. आणि ५० टक्के बोनस म्हणजे अपघात झालाच नाही, असंही नाही. बाहेर रोख पैसे देऊन केलेलं काम कुठल्याच कागदावर येत नाही.

शेवटी गाडी अलाइनमेंटला लावा आणि छापील कागद घ्या. डाव्या-उजव्या चाकाच्या कॅम्बर आणि कॅस्टरमध्ये (चाक कलण्याचे कोन) अर्ध्या अंशाहून जास्त फरक असेल, तर खालचं काही वाकलंय किंवा एप्रन सरकलाय. हे झाल्यावर लिफ्टवर घेऊन खालून बघा. आणि हे काम मालकाने सुचवलेल्या मेस्त्रीकडे करू नका.

आता निर्णय. दांडे, एप्रन, पिलर शाबूत निघाले आणि एअरबॅगा ओरिजिनल असतील, तर मी ही गाडी घेईन. पंच्याऐंशी हजारांची सूट तेवढ्या दुरुस्तीसाठी चांगलीच आहे. सांगाड्याला वेल्डिंग झालेलं निघालं, तर लाखाने कमी केली तरी घेऊ नका. भावाला सांगा, वाचलेल्या पैशाला त्या ठिकाणी काही अर्थ नाही.

घ्यायचं ठरलं तर आधी मालकांना व्हॉट्सॲपवर सरळ विचारा : "गाडीला कधी, कुठे मार लागला, काय बदललं, एअरबॅग उघडल्या होत्या का?" भारतीय करार कायद्यात नुसतं गप्प राहणं ही सहसा फसवणूक धरत नाहीत. विचारल्यावर खोटं सांगणं मात्र धरतात. तोंडी विचारलेलं नंतर कुणाला आठवत नाही, लेखी उत्तर हाताशी राहतं. मालक प्रामाणिक असतील तर त्यांना लिहायला जड जाणार नाही.

प्रश्न : सांगलीहून एमएच-१० ची, २०१८ ची सेडान बाजारभावापेक्षा बरीच स्वस्त मिळतेय. एकही ओरखडा नाही. ऑगस्ट २०१९ च्या पुराचं मनात येतं. — एक वाचक, पंढरपूर

उत्तर : यावं असंच आहे. बुडालेल्या गाडीला ओरखडा नसतो, म्हणूनच ती पटकन खपते. पुढच्या सीटखालचं कार्पेट उचला, सीटच्या रुळांवरचा गंज बघा, स्टेपनीच्या खड्ड्यात हात फिरवा. बेल्ट तळापर्यंत ओढा. गाळाची रेघ तिथे धुतलेली नसते. काचा बंद करून उन्हात उभी केलेली गाडी उघडताच कुबट वास आला, तर पुढे बघायचीही गरज नाही. पाणी वायरिंगच्या जोडांमध्ये शिरून वर्षानुवर्षं आतून खात राहतं, आणि कधी कुठला दिवा, कुठला सेन्सर बंद पडेल ते मेस्त्रीही सांगू शकत नाही. ठोकलेल्या गाडीला मी काही अटींवर होय म्हणतो. डॅशबोर्डपर्यंत बुडालेल्या गाडीला माझं साफ नाही. आणि सांगलीचंच कशाला, सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेचं पाणी आपल्याच जिल्ह्यात किती गावांत शिरलं ते आपण पाहिलंय. एमएच-१३ च्या गाडीलाही कार्पेट उचलूनच बघा.

प्रश्न : माझं छोटं गॅरेज आहे. विमा कंपनीने टोटल लॉस केलेली गाडी लिलावातून आलेली एक जण विकतोय. दुरुस्त करून घरी वापरावी असा विचार आहे. टोटल लॉस म्हणजे गाडी संपलीच का? — एक मेकॅनिक, अक्कलकोट

उत्तर : दादा, तुम्हाला हत्यार कळतं म्हणून हिशेबच मांडतो. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या जाहीर किमतीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला की टोटल लॉस धरतात. ती जाहीर किंमत म्हणजे आयडीव्ही, आणि ती दर वर्षी घटते. समजा गाडी नवी ७ लाखांची. तिसरं वर्ष संपून चौथं चालू आहे, म्हणजे ४० टक्के घट. आयडीव्ही ४ लाख २० हजार. त्याचे ७५ टक्के ३ लाख १५ हजार. अधिकृत वर्कशॉपचं एस्टिमेट याच्यापुढे गेलं की झाला टोटल लॉस. त्यात एअरबॅगा, डॅशबोर्ड, वायरिंग यांचेच पैसे मोठे असतात. म्हणजे सांगाडा फारसा न बिघडलेली गाडीही टोटल लॉसमध्ये जाऊ शकते. पण बाहेर तीच गाडी अर्ध्या खर्चात 'उभी' करतात तेव्हा नेमक्या त्या एअरबॅगाच गाळतात. तुम्ही स्वतः दुरुस्त करणार असाल तर त्या पुन्हा घालण्याची तयारी ठेवा, नाहीतर हा विचार सोडा.

पण मला जास्त धास्ती कागदांची वाटते. अशा गाडीची हाडंकाडं भंगारात जातात आणि आरसी बुक विकलं जातं. मग त्याच मॉडेलची, त्याच रंगाची चोरीची गाडी आणून तिच्यावर हा चॅसी नंबर चढवतात. नंबराचा पत्रा कापून वेल्ड केलाय का, जुने आकडे घासून नवे ठोकलेत का, हे तुमच्या डोळ्याला दिसेल. आजूबाजूचा रंग खरवडून बघा. विमा कंपनीचं विक्रीपत्र, अपघातानंतरचे फोटो आणि लिलाव घेणाऱ्याची पावती ही साखळी सलग जुळली पाहिजे. मधला एक जरी कागद नसेल तर गाडी दारात उभी करू नका.

प्रश्न : विकणाऱ्याच्या गाडीने एक मोटारसायकलवाला जखमी झाला होता. केस चालू आहे, गाडी कोर्टातून सुपूर्दनाम्यावर सोडवलीय. "जुन्या अपघाताचा तुम्हाला त्रास नाही," असं तो म्हणतो. — एक शेतकरी, बार्शी तालुका

उत्तर : नुकसानभरपाईची जबाबदारी अपघाताच्या दिवशी ज्याच्या नावावर गाडी होती त्याची, इथपर्यंत त्याचं खरं आहे. पण सुपूर्दनाम्यावर, म्हणजे कोर्टाला हमी लिहून घेऊन, गाडी सोडताना 'केस संपेपर्यंत विकणार नाही, बोलावल्यावर हजर करीन' अशा अटी बहुतेक वेळा घातलेल्या असतात. त्या आदेशाची नक्कल मागा आणि वकिलाला दाखवा. कोर्टाची परवानगी आणल्याशिवाय इसार देऊ नका.

प्रश्न : सहा महिन्यांपूर्वी एका ऑटो कन्सल्टंटकडून गाडी घेतली. पावतीवर 'नॉन-ॲक्सिडेंटल' असं लिहून दिलंय. परवा ब्रेकच्या कामाला लिफ्टवर घेतली तर मेस्त्री म्हणाला, मागची अख्खी फ्लोअर जोडलेली आहे. कन्सल्टंट आता फोन उचलत नाही. — एक वाचक, होटगी रोड

उत्तर : तुमच्याकडे पावती आहे, आणि तिच्यावर ते शब्द आहेत. ती जपून ठेवा. गाडीला आधी कुठेही हात लावू देऊ नका, दुरुस्ती केलीत तर पुरावाच जाईल. अधिकृत वर्कशॉपकडून फोटोंसह लेखी तपासणी अहवाल घ्या, मग वकिलामार्फत नोटीस पाठवा. विकणारा व्यापारी आहे, म्हणून तुम्ही ग्राहक ठरता आणि जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ शकता. घरगुती मालकाकडून घेतली असती तर दिवाणी कोर्ट गाठावं लागलं असतं. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा आयोगातच चालते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करून बघा. काही व्यापारी तेवढ्यानेच बोलायला येतात. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्या विकणाऱ्या डीलरला आरटीओचं प्राधिकारपत्र लागतं. त्याच्याकडे ते आहे का, याची आरटीओत लेखी चौकशी करा.

गाडी आणि तिचा विमा तुमच्या नावावर झालाय का, तेही आजच बघा. विमा नावावर करायला कायद्याने खरेदीपासून १४ दिवस दिलेत. तो झाला नसेल, तर उद्या गाडीचं काही नुकसान झाल्यास कंपनी तुमचा क्लेम नाकारेल. आणि आयोगाचा निकाल लागेपर्यंत गाडी फार तर एकट्याने, गावातल्या गावात चालवा. मागून धडक बसली तर जोडलेली फ्लोअर टिकणार नाही. मुलांना त्या मागच्या सीटवर बसवू नका.